पट पाहायला गेलेला माणूस वैतागून का परततो? शंकरपटाच्या नियोजनाचं साधं गणित

अनसिंग (ता. वाशीम) : सोयाबीन विकून झालं, तुरीची सोंगणी आटोपली, की आपल्या भागात पटाचे वेध लागतात. गावोगावी फलक लागतात. बक्षिसांचे आकडे मोठ्या अक्षरात, प्रमुख पाहुण्यांची नावं त्याहून मोठ्या अक्षरात. त्या फलकावर एक गोष्ट मात्र सहसा नसते. शर्यत पाहायला येणाऱ्या माणसाने किती वाजता यायचं, कुठे उभं राहायचं आणि निकाल त्याला कसा कळणार, याचा त्यात उल्लेख नसतो.

मग पटाच्या दिवशी जे व्हायचं तेच होते. सकाळी नऊची वेळ सांगितलेली, पहिली जोडी सुटते साडेअकराला. धावपट्टीच्या दोन्ही अंगाने पाच-पाच रांगा गर्दी, मागच्याला समोरच्याच्या टोप्या दिसतात. भोंगा एकच, तोही शेवटच्या टोकाला, म्हणून सुटायच्या टोकाला उभ्या असलेल्याला काही ऐकू येत नाही. "कोणाची वेळ लागली बापा?" हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो आणि उत्तर ज्याचं त्याचं वेगळं असते. शेवटी अंधार पडतो, अंतिम फेरी घाईत उरकते, बक्षीस वाटप होते तेव्हा अर्धं मैदान रिकामं झालेलं असते.

लोक म्हणतात, कमिटीला नियोजन जमत नाही. कमिटी म्हणते, लोकं ऐकत नाहीत. दोघांचं थोडंथोडं खरं आहे. पण हा वैताग नेमका कुठून तयार होतो, कायदा यात काय म्हणतो, आणि कमी खर्चात काय सुधारता येते, हे नीट समजून घेतलं तर भांडणाची गरज राहणार नाही.

आपला पट ही घड्याळाची शर्यत आहे

महाराष्ट्रात बैलांची शर्यत सगळीकडे एकसारखी होत नाही. सातारा-सांगलीकडे चार-पाच किंवा जास्त गाड्या आखलेल्या पट्ट्यांतून एकाच वेळी सुटतात. भंडारा, गोंदियाकडे शेजारी-शेजारी दोन जोड्या पळतात आणि रात्री त्याच गावात झाडीपट्टीचं नाटक असते. या दोन्ही प्रकारांत कोण पुढे निघालं ते निदान डोळ्याला दिसते.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड भागात घाटात बारी पळते. पुढे घोडी, मागे बैल, आणि हिशेब घड्याळावर. आपल्या वऱ्हाडातल्या बहुतेक पटांतही तसंच. एक जोडी सुटते, धुरकरी छकड्यावर, आणि ठरलेलं अंतर किती सेकंदात कापलं ते इलेक्ट्रॉनिक घड्याळ सांगते. ज्याची वेळ कमी, तो वर.

इथेच प्रेक्षकाची पहिली अडचण आहे. जोडी डोळ्यांपुढून जाते, पण ती जिंकली की हरली हे दिसत नाही. समजा एका जोडीने शंभर मीटर आठ सेकंदात कापले. म्हणजे तिचा वेग झाला ताशी ४५ किलोमीटर. या वेगाने सेकंदाच्या शंभराव्या भागात जोडी जेमतेम साडेबारा सेंटीमीटर पुढे सरकते. म्हणजे अर्धी वीत. पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात एवढाच फरक असू शकतो. जगातला कोणताही माणूस सकाळी पळालेली जोडी आणि दुपारी पळालेली जोडी यातला अर्ध्या वीतीचा फरक नजरेने सांगू शकत नाही.

म्हणून अशा शर्यतीत निकाल प्रेक्षकाला सांगावा लागतो. तो सांगितला नाही, तर समोर फक्त एकामागून एक बैल पळत राहतात. शर्यत पाहिल्याचं समाधान काही भेटत नाही, आणि मग अफवा सुरू होतात. "अमक्याला मुद्दाम वर घातलं", "घड्याळ उशिरा दाबलं". यातल्या किती गोष्टी खऱ्या असतात हा वेगळा विषय, पण माहिती न देणारी कमिटी अशा बोलण्याला जागा करून देते.

उशीर का होतो? एका मिनिटाचा हिशेब

आता वेळेचं पाहू. पटात एक जोडी पळायला काही सेकंद लागतात, पण दोन जोड्यांच्या मधात जो वेळ जातो तो कोणी मोजत नाही. जोडी आणायची, जुंपायची, रेषेवर उभी करायची. बैल बिचकला तर परत फिरवून आणायचा. पळून झालेली जोडी थांबवून बाजूने परत आणायची. पट्टीवर आलेले लोक मागे सारायचे. घड्याळ शून्यावर आणायचं.

समजा १२० जोड्यांची नोंद झाली आणि एका जोडीमागे सरासरी ४ मिनिटे गेली. १२० गुणिले ४ म्हणजे ४८० मिनिटे, म्हणजे ८ तास. नऊ वाजता सुरू केलं तर पाच वाजता संपेल. साडेअकराला सुरू केलं तर साडेसात वाजतील. जानेवारीत आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे अंधार पडतो तेव्हा वीस-बावीस जोड्या बाकी असतात, आणि अंतिम फेरी त्याच्याही नंतर.

हेच एका जोडीमागे ३ मिनिटांत बसवलं तर ३६० मिनिटे होतात, म्हणजे ६ तास. जोडीमागे एक मिनिट वाचलं की दिवसाचे दोन तास वाचतात. हे मिनिट पळणाऱ्या बैलाने वाचवायचं नाही. ते मधल्या वेळेतून काढायचं आहे. एक जोडी पट्टीवर असताना दुसरी जुंपून तयार आणि तिसरीचा पुकारा झालेला, अशी तीन नावं एकदम पुकारली तर ते सहज जमते. ज्या पटात एकच नाव पुकारतात आणि तो गडी बैल घेऊन येईपर्यंत सगळे वाट पाहतात, तिथे दिवस पुरत नाही.

दुसरं कारण नोंदणीचं. बऱ्याच ठिकाणी पटाच्या दिवशी बारा वाजेपर्यंत प्रवेश फी घेणं चालू राहते. कमिटीचंही बरोबर असते, बक्षिसाचा पैसा त्यातूनच उभा करायचा असतो. पण नोंद संपल्याशिवाय क्रम ठरत नाही आणि क्रम ठरल्याशिवाय वेळापत्रक होत नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी नोंद बंद करून चिठ्ठ्या टाकल्या आणि क्रमाची यादी सकाळी लावली, तर बैलवाल्यालाही कळते की आपला नंबर अंदाजे किती वाजता आहे. बैल चार-चार तास उन्हात जुंपून उभे ठेवावे लागत नाहीत.

तिसरं कारण सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. प्रमुख पाहुणे येईपर्यंत उद्घाटन होत नाही आणि उद्घाटन होईपर्यंत पट सुरू होत नाही. याला सोपा उपाय आहे. गावगट ठरल्या वेळेवर सुरू करून द्यायचा. पाहुणे आले की दोन गटांच्या मधात नारळ फोडायचा, सत्कार करायचा. पाहुण्याला भरलेलं मैदान भेटते, लोकांना वेळेवर शर्यत भेटते.

दूरच्या एका मोटारसायकल शर्यतीत काय करतात

घड्याळावर चालणारी शर्यत मैदानभर पसरलेल्या लोकांना कशी समजवायची, हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला असं नाही. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधात आइल ऑफ मॅन नावाचं छोटं बेट आहे. तिथे १९०७ पासून मोटारसायकलची टीटी शर्यत होते. ती वेगळ्या बांधलेल्या मैदानात होत नाही, रोजच्या वापरातल्या सडकेवर होते. एक फेरा सुमारे ६० किलोमीटरचा, गावातून, घरांच्या दारापुढून आणि डोंगरावरून जाणारा. गाड्या एकदम सोडत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक सोडतात. म्हणजे आपल्या पटासारखीच घड्याळाची शर्यत. सडकेच्या कडेला बसलेल्या माणसापुढून गाडी क्षणात निघून जाते आणि कोण पुढे आहे ते त्यालाही नजरेने कळत नाही.

वैताग तिथेही आहे. शर्यतीसाठी रस्ते कायद्याने बंद होतात. एकदा बंद झाले की इकडचा माणूस तिकडे जाऊ शकत नाही. बसल्या जागी तासन्‌तास बसावं लागते. पाऊस आला, धुकं आलं, की शर्यत पुढे ढकलतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये शेवटच्या दिवसाची मुख्य शर्यत, जिला सीनियर टीटी म्हणतात, ती खराब हवामानामुळे रद्द करावी लागली. दूरदेशाहून आलेले लोक हात हलवत परत गेले.

तरी तिथल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे रेडिओ. शर्यत चालू असताना कोणाची वेळ किती, कोण किती सेकंदांनी पुढे, हे रेडिओवरून सतत सांगत राहतात. लोक कानाला रेडिओ लावून बसतात, म्हणून डोळ्यापुढून एकच गाडी गेली तरी सगळी शर्यत त्यांना कळते. शर्यत थांबली तर का थांबली आणि पुढची माहिती किती वाजता देणार, हेही सांगतात. दुसरी म्हणजे मार्शल. सगळ्या मार्गावर शेकडो स्वयंसेवक उभे असतात आणि ठरलेल्या जागांवर पुरेसे मार्शल नसतील तर शर्यत सुरूच होत नाही, पाहणारे कितीही चिडले तरी.

आपल्या देशातही मोठ्या मोटारसायकल शर्यतीचं एक उदाहरण आहे. २२ ते २४ सप्टेंबर २०२३ ला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी ही जागतिक शर्यत भारतात पहिल्यांदा झाली. शर्यतीआधी काही खेळाडूंचे आणि संघाच्या लोकांचे व्हिसा अडकले होते, त्यावर जगभर बोललं गेलं. मुख्य शर्यत २४ फेऱ्यांची होती, ती उन्हामुळे २१ फेऱ्यांची केली. पुढच्या वर्षी, २०२४ ला, हीच शर्यत भारतात झाली नाही. म्हणजे पैसा मोठा असला की नियोजन आपोआप चांगलं होते असं नाही. पण तिथे फेऱ्या कमी केल्या ते शर्यत सुटण्याआधी जाहीर झालं, आणि कारणही सांगितलं. आपल्या पटात फेरी रद्द झाली की "का रद्द झाली" याचं उत्तर चार दिवसांनी चहाच्या टपरीवर भेटते.

दोरी, गर्दी आणि न थांबणारी जोडी

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. प्रेक्षक वैतागतो तेव्हा तो पुढे सरकतो. दिसत नाही म्हणून पुढे, ऐकू येत नाही म्हणून पुढे. समोरचा एक पाऊल पुढे गेला की मागच्याला दिसत नाही, म्हणून तोही पुढे. असं करत करत धावपट्टी अरुंद होत जाते. शेवटी जोडी माणसांच्या गल्लीतून पळते.

मोटारसायकलला ब्रेक असतो. जोडीला कासरा असतो, आणि पळणीत आलेला बैल कासऱ्याला लगेच ऐकेल याची खात्री कोणी देत नाही. एकेक बैल साडेतीनशे-चारशे किलोचा धरला तरी दोन बैल, छकडा आणि धुरकरी मिळून वजन सहज आठशे किलोच्या वर जाते. ते ताशी ४०-४५ किलोमीटरने येत असताना मधात उभ्या माणसाला बाजूला व्हायला वेळच भेटत नाही. त्यात शिट्ट्या, फटाके, उडवलेला गुलाल, अंगावर आलेला मोबाईल. बैल बिचकला की आडवा जातो, आणि आडवा गेला की दोरीच्या आत काय आणि बाहेर काय.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे शेवटची रेष. निकाल तिथे कळतो म्हणून गर्दी तिथेच जास्त. पण जोडी रेषेवर थांबत नसते. रेषेच्या पुढेही तिला मोकळी पळत जाऊन हळू व्हायला लांब पल्ला लागतो. तोच पल्ला माणसांनी, मोटारसायकलींनी आणि रसवंतीच्या गाड्यांनी भरलेला असतो. पोरंसोरं मोबाईल घेऊन रेषेच्या पुढे मधोमध बसतात. काही हौशी गडी मोटारसायकल घेऊन जोडीच्या बाजूबाजूने पळवतात. ही कामं शौकिनाची नाहीत, हे तोंडावर सांगितलं पाहिजे.

यावर उपाय पुन्हा माहितीचाच आहे. निकालाचा फळा आणि भोंगे चार ठिकाणी लावले तर शेवटच्या रेषेवर गर्दी करायची गरजच कमी होते. दोरी एक न बांधता दोन बांधायच्या आणि मधात काही फूट मोकळी जागा सोडायची, तिथे फक्त स्वयंसेवक. शेताचा उंच धुरा, बांध, उताराची बाजू असेल तर पट्टी अशी आखायची की लोक उंचावर बसतील. मागच्याला दिसलं तर तो पुढच्याला ढकलत नाही. आणि टीटीवाल्यांचा नियम इथेही चालू शकतो: दोरीच्या आत माणूस आहे तोपर्यंत झेंडी पडणार नाही. दोन-तीन वेळा पट थांबला की लोकच एकमेकाला मागे ओढतात.

कायदा काय म्हणतो?

पटाच्या परवानगीचा इतिहास थोडक्यात असा. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसोबत बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि नियम तयार केले, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू झाल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ रीतसर पट बंद होते. त्या काळात कित्येकांनी पटाचे बैल विकून टाकले.

आजच्या नियमांतल्या मुख्य गोष्टी अशा:

• शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अर्ज किमान १५ दिवस आधी करावा लागतो.

• आयोजकाला ५० हजार रुपयांची अनामत हमी द्यावी लागते. अटी मोडल्या तर ती जप्त होऊ शकते.

• धावपट्टी १ हजार मीटरपेक्षा जास्त लांब नसावी. दगडगोट्याची, चिखलाची, तीव्र उताराची नसावी. रस्त्यावर किंवा महामार्गावर शर्यत घेता येत नाही.

• काठी, चाबूक, विजेचा झटका किंवा बैलाला इजा होईल असं काहीही वापरता येत नाही.

• बैलांसाठी सावली, पाणी, विश्रांती आणि पशुवैद्यकीय डॉक्टरची सोय पाहिजे.

• शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाला द्यावं लागते.

• कायदा मोडला तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

ही यादी वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. नियमांचा सगळा भर बैलावर आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण कायदाच प्राण्यांवरच्या क्रूरतेचा आहे. पाहणाऱ्या माणसाची सोय पोलिसांच्या बंदोबस्तावर आणि कमिटीच्या शहाणपणावर सोडलेली आहे. म्हणून कित्येक कमिट्या कागद पूर्ण करतात आणि समजतात की नियोजन झालं.

पण बैलाची काळजी आणि प्रेक्षकाची सोय या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. पट्टीत घुसलेली गर्दीच बैलाच्या पाठीवर थाप मारते, शेपटीला हात घालते, अंगावर पाण्याच्या बाटल्या फेकते. चित्रीकरणात हे सगळं येते. मग दोष धुरकऱ्यावर आणि कमिटीवर. पट सुरू राहिला पाहिजे असं ज्याला वाटते, त्याने गर्दीचं नियोजन हा पटाच्या परवानगीचाच भाग धरावा.

जाता जाता एक गोष्ट पोरांसाठी. पटाच्या निमित्ताने सडकेवर मोटारसायकलच्या शर्यती लावायचा प्रकार होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागेवर वाहनांची शर्यत लावणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर कैद १ वर्षापर्यंत आणि दंड १० हजारांपर्यंत जाऊ शकते.

ऊन, पाणी, बायाबापड्या आणि गाड्या लावायची जागा

पट आता नुसता गड्यांचा राहिला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या प्रसिद्ध शंकरपटात बाया स्वतः धुरकरी म्हणून छकड्यावर बसतात आणि ते पाहायला बायांची मोठी गर्दी असते. आपल्याकडच्या पटातही लेकरं-बाळं घेऊन बाया येतात. पण त्यांना बसायला वेगळी जागा नसते, आणि स्वच्छतागृह तर विचारूच नका. सकाळी आलेली बाई दुपारून घरी परतते ती शर्यत आवडली नाही म्हणून नव्हे, थांबायची सोय नाही म्हणून.

उन्हाचा विषय हलका घेण्यासारखा नाही. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्या १४ जणांचा जीव गेला. तो कार्यक्रम सरकारी होता, मैदान शहरातलं होतं. आपल्याकडे महाशिवरात्रीनंतर ऊन कसं चढते ते शेतकऱ्याला सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये पट घ्यायचा असेल तर दुपारी बारा ते तीन विश्रांती ठेवणं बैलासाठीही बरं आणि माणसासाठीही.

गाड्या लावण्याचं तर साधं नियोजनही होत नाही. वाशीम-पुसद मार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्याला लागून पट असला की दोन्ही कडेला मोटारसायकली उभ्या राहतात. रस्ता अडतो, एसटी अडकते, आणि कोणाला काही झालं तर रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही. सोयाबीन निघालेलं एखादं मोकळं वावर मालकाला विचारून घ्यायचं, आत यायची वाट एक आणि बाहेर जायची दुसरी ठेवायची. रुग्णवाहिकेची वाट तिसरी, आणि तिच्यावर एकही गाडी नाही. १०८ ला फोन लावल्यावर गाडी तालुक्याहून येईपर्यंत वेळ जातो, म्हणून एक गाडी पटावर उभीच पाहिजे. बैलाला काही झालं तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक आहे.

कमिटीने काय करावं? खर्च कमी, फायदा मोठा

यात लाखांचा खर्च नाही. बहुतेक गोष्टी शाळेचा फळा, दोरी, बांबू आणि गावातल्या पोरांवर भागतात.

१. फलकावर बक्षिसाच्या बरोबरीने वेळही छापा. नोंद कधी बंद, पहिली जोडी कधी, कोणता गट किती वाजता, अंतिम फेरी केव्हा.

२. आदल्या संध्याकाळी चिठ्ठ्या टाका आणि क्रमाची यादी लावा. प्रत्येक छकड्याला मोठा नंबर द्या, दुरून दिसेल असा.

३. मैदानात किमान तीन ठिकाणी फळे ठेवा. प्रत्येक जोडीनंतर वेळ लिहा, आणि पहिले पाच नंबर कायम वर राहू द्या. भोंग्यातून "सात पंचवीस" आणि "सात पस्तीस" सारखंच ऐकू येते. फळ्यावर लिहिलेलं चुकत नाही.

४. घड्याळ बंद पडलं, बैल आडवा गेला, माणूस मधात आला, तर फेरी पुन्हा द्यायची की नाही, हा नियम सकाळीच भोंग्यावरून वाचून दाखवा. ऐन वेळी बनवलेला नियम कोणालाच पटत नाही, तो बरोबर असला तरी.

५. पट थांबला तर का थांबला आणि अंदाजे कधी सुरू होणार, ते पाच मिनिटांच्या आत सांगा. माणूस वाट पाहायला तयार असतो, पण किती वेळ ते त्याला कळलं पाहिजे.

६. दुहेरी दोरी, रंगीत टोपी घातलेले स्वयंसेवक, आणि शेवटच्या रेषेपुढे लांब मोकळी जागा. तिथे दुकानही नको आणि मंडपही नको.

७. पाण्याच्या टाक्या दोन्ही टोकांना, बायांसाठी सावलीची जागा आणि स्वच्छतागृह. ग्रामपंचायतीला सोबत घेतलं तर हे अवघड नाही.

८. दिवस मावळायच्या आत अंतिम फेरी. जोड्या जास्त आल्या तर सरळ दोन दिवसांचा पट करा, पण अंधारात बैल पळवू नका.

प्रेक्षकांचीही बाजू आहे

सगळं कमिटीवर ढकलून आपण मोकळं होऊ शकत नाही. दोरीच्या आत जाणं, जोडी येत असताना पट्टी ओलांडणं, बैलाच्या तोंडापुढे मोबाईल धरणं, दारू पिऊन पंचांशी हुज्जत घालणं, हे करणारे आपल्यातलेच असतात. लेकराला खांद्यावर घेऊन शेवटच्या रेषेपुढे उभं राहणाऱ्या बापाला शेजारच्याने हटकलं पाहिजे. निकालावर शंका असेल तर ती बैलमालकाने पंचांपुढे मांडावी. पन्नास जणांनी मंडपावर चालून गेल्याने घड्याळाचे आकडे बदलत नाहीत.

उलट, मागायच्या गोष्टी मात्र हक्काने मागाव्या. वेळापत्रक कुठे लावलं, फळा का नाही, रुग्णवाहिका कुठे उभी आहे, परवानगीच्या अटी काय आहेत, हे चार प्रश्न पटाच्या आधी कमिटीला विचारले तर त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पटाला वर्गणी गावच देते, गर्दीही गावचीच असते.

बैलवाल्यासाठी तर हा पोटाचा प्रश्न आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यातली दावणं रिकामी होत चालली आहेत. ज्याच्या घरी अजून जोडी आहे, त्यातल्या कित्येकांनी ती हौसेपायी ठेवली आहे, खुराकाचा खर्च सोसून. पटात लागलेली वेळ हीच त्या जोडीची किंमत ठरवते. ती वेळ सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिली गेली, तर बाजारात तिला मान राहते. मंडपातल्या वहीतच राहिली, तर जोडी कितीही चांगली असो, घेणारा शंका काढतोच.

यंदाच्या हंगामात ज्या गावांत पट ठरले आहेत, तिथल्या कमिट्यांनी निदान तीन गोष्टी करून पाहाव्या: फलकावर वेळ, मैदानात फळा आणि पट्टीला दुहेरी दोरी. एवढ्याने सगळे वाद मिटणार नाहीत, पण पाहायला आलेल्या माणसाला कोण जिंकलं ते कळेल आणि तो धडधाकट घरी जाईल.